शेंदऱ्याचा माच

मंदाबाईनं माचावरची तणीस बाजूला केली, वाकून नाक लावलं आणि तशीच वाकून राहिली. वास नव्हता. आता शेंदऱ्याचा माच उघडावा आणि वास येऊ नये, हे आसगावात कुणाला सांगितलं तर लोक तोंडावर हसतील. दरवर्षी ती नुसतं खोलीचं दार उघडायची आणि समोरच्या घरातून आवाज यायचा, "काय वं मंदाबाई, पिकले वाट्टे!" आज नाकात गेली ती धानाच्या तणशीची धूळ, आणि लागोपाठ दोन शिंका आल्या.

माच म्हणजे काय ते आधीच सांगून टाकावं, म्हणजे पुढं खोळंबा नको. उतरवलेले कच्चे आंबे तणशीत, म्हणजे धानाच्या पेंढ्यात, थरावर थर लावून पिकवायचे, त्याला आमच्या झाडीपट्टीत माच म्हणतात. बाकीचा महाराष्ट्र आढी म्हणतो; म्हणू द्या बिचाऱ्याला. शेंदऱ्या हे झाडाचं नाव. बोडीच्या पाळीवर, म्हणजे गावच्या लहान तळ्याच्या बांधावर, ते उभं आहे आणि त्याचा आंबा पिकला की देठाकडून शेंदरी लाली धरतो. आणि मंदाबाई म्हणजे या झाडाच्या, खरं तर गावातल्या सगळ्याच आंब्यांच्या बाबतीतला शेवटचा शब्द. कुणाचे आंबे कधी उतरवायचे हे विचारायला लोक तिच्याकडे यायचे. ती झाडाखाली उभी राहायची, मान वर करायची, देठाजवळचे खांदे भरून वर आलेत का पाहायची, सालीवर पांढुरकी भुकटी चढली का पाहायची आणि बोटानं दाखवायची: हा तोड, हा तोड, तो राहू दे, तो लेकरू हाय अजून. चाळीस वर्षांत तिचं बोट चुकलेलं कुणाला आठवत नव्हतं.

तिनं पहिला आंबा उचलला. त्याच्या सालीवर काळे ठिपके होते, बोट फिरवलं तर प्रत्येक ठिपक्याशी बारीक खड्डा लागत होता. दुसरा उचलला तो हिरवाच, पण सुरकुतलेला आणि चिवट, दाबला तर रबरासारखा परत वर यायचा. तिसरा मात्र अगदी जसा हवा तसा, पिवळा, देठाशी लालसर, हातात जड. तिन्ही एकाच थरातले. एकाच झाडाचे, एकाच दिवशी उतरवलेले, एकाच तणशीखाली शेजारी शेजारी निजलेले. मंदाबाईनं तिन्ही आंबे पदरात घेतले, खाली बसली आणि त्यांच्याकडे पाहत राहिली. तिला काही म्हणता काही समजेना.

यंदा धोंड्याचा महिना जेठात आला होता. तीन वर्षांतून एकदा येणारा हा महिना, जावयाला घरी बोलावून तेहतीस वस्तूंचं वाण द्यायचा, आणि तो नेमका आंब्याच्या दिवसांत सापडला. शेजारच्या सत्यभामानं ठरवलं, की तेहतीस अनारसे तर सगळं जग देतं, आपण आपल्या नव्या जावयाला तेहतीस आंबे द्यायचे, आणि तेही शेंदऱ्याचे, मंदाबाईच्या हातचे. जावई कुलदीप तुमसरचा, पोरगा गरीब स्वभावाचा. तो उद्या, शनिवारी यायचा होता.

आता खरं सांगायचं तर आंबे बिघडले म्हणून कुलदीप काही उपाशी परत जात नव्हता. मंदाबाई घाबरली ती वेगळ्याच कारणानं. तिची मोठी बहीण बायजाबाई आंबागडला दिलेली. सहा वर्षांमागं तिनं लोणच्याच्या कैऱ्या चिरून बरणीत भरल्या, आणि तासाभरानं विचारलं, 'माह्या कैऱ्या कोनं नेल्या?' सगळे हसले. पुढच्या वर्षी ती बाजारातून घरी यायची वाट विसरली, आणि त्याच्या पुढच्या वर्षी तिनं पोटच्या मुलाला विचारलं, 'तुम्ही कोनाच्या घरचे, बापू?' तेव्हा कुणी हसलं नाही. बायजाबाई गेली त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून मंदाबाई रोज स्वतःवर पाळत ठेवून होती, आणि हे तिनं कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

त्यात मागच्या आठवड्यातल्या गुरुवारची ती गोष्ट.

झालं असं, की त्या आठवड्यातल्या सोमवारी आंबे उतरवले आणि संध्याकाळी तिनं स्वतःच्या हातानं माच लावला. मोठे खाली, लहान वर, अशी तिची रीत. मंगळवारी सत्यभामा सांगत आली, की कुलदीपला सुट्टी मिळाली नाही, तो येत्या रविवारी न येता पुढच्या शनिवारी येईल. सून शालू तिथंच भाजी निवडत बसली होती. ती म्हणाली, "आई, नवतपा चालू हाय. बाहेर सेहेचाळीस डिगरी. इतके दिवस थांबतीन का आंबे?"

"न थांबाले काय झालं? तणीस पातळ करून ठेवीन मी," मंदाबाई म्हणाली. तिनं तसं केलं आणि दुपारच्या गाडीनं पवनीला गेली, भाचीचं बाळ पाहायला. दोन रात्री राहून गुरुवारी परत आली. चप्पल काढली, पाणी प्यायली आणि आधी माचाच्या खोलीत गेली. तणशीत हात घातला. हाताला तणीसच लागली. आणखी आत घातला, कोपरापर्यंत. आंबा एक नाही.

"शालू! अवं शालू, आंबे कुठं गेले?"

शालू दारात आली आणि म्हणाली, "आई, तुम्हीच तं सांगून गेल्या ना जाता जाता. इथं स्लॅब तापते, मांगच्या बियाण्याच्या खोलीत ठेव म्हणून. तिथं हायेत. कुलूप हाय, चाबी ह्यांच्यापाशी."

हे म्हणजे चंद्रकुमार, मंदाबाईचा मुलगा. धानाच्या बियाण्याचा त्याचा धंदा, आणि त्या आठवड्यात तो भंडाऱ्याला होता. मंदाबाई तशीच उभी राहिली. जाता जाता आपण काय काय बोललो ते तिनं आठवून पाहिलं. बाळासाठी घेतलेलं टोपडं आठवलं, पिशवीचा तुटका बंद आठवला, टिकाराम, म्हणजे तिचा नवरा, गाडीपर्यंत सोडायला आला आणि वाटेत कुणाशी तरी बोलत उभा राहिला, त्यावरून त्याला झापलं तेही आठवलं. बियाण्याची खोली मात्र कुठंच नव्हती. आणि मग ती पटकन हसली आणि म्हणाली, "हो हो. म्हटलं होतं खरं."

ते म्हणताना तिला इतकी भीती वाटली, की रात्री तिला जेवण गेलं नाही. उन्हानं झालं असेल, असं तिनं सगळ्यांना सांगितलं.

सोमवारी शालूनं आंबे परत आणून तणशीत लावले. मंदाबाई पाहते तर मोठे वर, लहान खाली. हेही आपणच सांगितलं का, हे विचारायची तिची हिंमत झाली नाही.

आणि आता हा शुक्रवार. पदरात तीन आंबे, तीन तऱ्हेचे.

टिकाराम आला, डोकावला, आणि त्याला कारण शोधायला अर्धं मिनिटही लागलं नाही. "मी तवाच म्हणत होतो, कवेलू काढू नोका. कवेलूच्या घरात माच कसा थंडा राहे! आता हे स्लॅब. भट्टी हाय भट्टी." टिकारामचा गुडघा दुखला तरी स्लॅब, दूध नासलं तरी स्लॅब. नवीन घर झाल्यापासून त्या स्लॅबनं इतके गुन्हे केले होते, की एखादा माणूस असता तर कधीचा आत गेला असता.

"भट्टी असती तं सगळेच सडले असते," मंदाबाई म्हणाली. "हा पाह्य. हा कसा पिकला मंग?"

टिकारामनं तो आंबा हातात घेतला, उलटासुलटा केला, वास घेतला. "हा सावलीत असन," तो म्हणाला, आणि स्वतःलाच ते पटलं नाही म्हणून निघून गेला.

मग सत्यभामा आली. तिनं माच पाहिला आणि कपाळाला हात लावला. "का झालं वं हे! नजर लागली, दुसरं काय! गावभर सांगत सुटली ना मी, तेहतीस शेंदरे देतो म्हणून. आता जावयाच्या ताटात का वाढू, तणीस?" थोडं रागावून, थोडं रडून झाल्यावर तिला मंदाबाईचा चेहरा दिसला. सत्यभामा वाईट बाई नव्हती. ती जवळ बसली आणि मंदाबाईच्या गुडघ्यावर हात ठेवून हळूच म्हणाली, "जाऊ दे बाई. वय होते आता आपलं. तुह्या बायजाबाईचं बी कैऱ्यापासूनच सुरू झालं होतं ना?"

तिला वाटलं आपण समजूत घालतोय. ती निघून गेल्यावर मंदाबाईनं खोलीचं दार लोटून घेतलं आणि स्वतःची परीक्षा घ्यायला बसली. आज शुक्रवार. काल गुरुवार, काल चवळी केली होती. परवा बुधवार. बुधवारी काय केलं होतं? वांगं? की वांगं मंगळवारी? नणंदेच्या चार पोरींची नावं? तीन आली. चौथी लाखांदूरला दिलेली, गोरी, उंच, नवऱ्याशी पटत नाही ती. नाव येईना. आता परवाची भाजी कुणाला आठवते, तुम्हीच सांगा. पण मंदाबाईला ते कोण सांगणार? ती पदर तोंडाशी धरून रडली. आपण जाणार, बायजासारखंच जाणार, आणि जाताना आपल्याला कळणारसुद्धा नाही, असं तिच्या मनानं घेतलं.

रडून झाल्यावर हात रिकामे राहिनात, म्हणून तिनं माच उपसला आणि आंबे निवडायला घेतले. काळ्या खड्ड्यांचे एकीकडे, सुरकुतलेले एकीकडे, चांगले एकीकडे. चांगले सत्तावीस भरले, सुरकुतलेले चोवीस. बाकी सगळे खड्ड्यांचे, त्यांचा मोठा ढीग झाला. एक खड्ड्याचा आंबा कापला, तर सालीखाली गर राखाडी आणि चव पाण्याची. सुरकुतलेला कापला, तर कोयीभोवती पांढराफटक आणि आंबट. असा राखाडी गर तिनं जन्मात पाहिला नव्हता. उन्हानं आंबा सडतो, काळा पडतो, फसफसतो. असा आतून राखेसारखा होत नाही. मग हे काय आहे? ती विळीसमोर बसली आणि एका फोडीवरून दुसऱ्या फोडीकडे पाहत राहिली.

तेवढ्यात अंगणातून हाक आली. "शालू हाय का घरी?"

चंद्रभागाबाई होती, बचत गटाची सचिव. गटाला गेल्या वर्षी सोलरवर चालणारी थंडी खोली मिळाली होती. गटातल्या बाया तिच्यात भाजी ठेवत, एक जण पनीर ठेवायची. दारावर लाल आकड्यात आतली डिगरी दिसायची आणि गावातली लहान पोरं ती पाहायला यायची. मंदाबाई त्या खोलीत एकदाच गेली होती आणि "भुताची खोली हाय," म्हणत बाहेर आली होती. चंद्रभागाबाईच्या हातात सांबाराची जुडी होती. तुम्ही तिला कोथिंबीर म्हणता.

"शालू दळण आणाले गेली," मंदाबाई म्हणाली.

"मंग तुम्हीच वास घ्या," चंद्रभागाबाईनं जुडी तिच्या नाकाखाली धरली. "येऊन राहिला का नाई चिकाचा वास? सहा दिवस तुमचे आंबे होते माह्या सांबाराजवळ. लग्नाची ऑर्डर होती माही, परत आली. सांगजा तिले, पुन्हा आंबे नोको ठेवू म्हणा. अन् खोली चारवर होती, पनीरसाठी. आंब्याले तेराच्या खाली चालत नाई. थंडी बाधते त्याले, बाहेर काढल्यावर काळे खड्डे पडते. प्रशिक्षणात त्या बाईनं दोनदा सांगितलं. पण तुमची शालू मांगं बसून मोबाइल पाहून राहिली होती."

मंदाबाईनं सांबाराचा वास घेतला नाही. ती चंद्रभागाबाईच्या तोंडाकडे पाहत होती. "कोणते सहा दिवस?"

"मंगळवार ते सोमवार. तुम्ही पवनीले गेल्या ना, त्याच संध्याकाळी आणले तिनं क्रेटमधी भरून."

"बियाण्याच्या खोलीत नव्हते?"

"कोणती बियाण्याची खोली?"

"मी म्हटलंच नाई," मंदाबाई म्हणाली. "मी म्हटलंच नाई वं चंद्रभागा!" आणि ती हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. चंद्रभागाबाई जुडी घेऊन तशीच उभी. मंदाबाईनं तिला बसवलं, चहा दिला, सत्तावीस चांगल्यांतला एक आंबाही दिला. सांबाराची तक्रार घेऊन आलेली बाई आंबा घेऊन परत गेली, आणि आपलं नेमकं काय झालं हे तिला वाटेतही उमगलं नाही.

शालू दळणाचा डबा घेऊन आली तेव्हा मंदाबाई ओसरीवर बसली होती. "शालू," ती म्हणाली, "आपल्या बियाण्याच्या खोलीत किती डिगरी असते वं?"

शालूनं डबा खाली ठेवला. तिचा चेहरा पडला तो पाहूनच सगळं कळत होतं.

"चार," मंदाबाई म्हणाली.

"आई, मले वाटलं सडतीन," शालू एका दमात बोलायला लागली. "इतकी गरमी. सत्यभामाकाकूचा पह्यला जावई, पह्यला धोंडा. तुम्हाले विचारलं असतं तं तुम्ही त्या खोलीले नाईच म्हटलं असतं. मले वाटलं, सहा दिवस थंडे राहतीन, मंग तणशीत घालू, कोनाले समजनार बी नाई. तेराचं मले खरंच माहीत नव्हतं."

"आंब्याचं सोड. मीच सांगितलं म्हणून काहून म्हटलं?"

"तोंडातून निंगून गेलं. तुम्ही एकदम आल्या, मी घाबरली." शालू रडकुंडीला आली होती. "अन् तुम्ही लगेच हो म्हटलं! हो हो, म्हटलं होतं, असं म्हणून हसल्या बी. मले वाटलं तुम्हाले सगळं समजलं, अन् तुम्ही मले सांभाळून घेऊन राहिल्या. मी तं त्या दिवशी देवाजवळ दिवा लावला, अशी सासू भेटली म्हणून."

मंदाबाईला हसावं की एक ठेवून द्यावी कळेना. सून समजत होती सासूनं सांभाळून घेतलं, आणि सासू समजत होती आपलं डोकं गेलं. एका छपराखाली दोघी आठ दिवस एकमेकींना भाकरी वाढत होत्या. पण मग तो राग आलाच, आणि आला तो एकदम आला. "आठ दिवस! आठ दिवस मी सकाळी उठली का पह्यलं माहं नाव आठवून पाहून राहिली. मंग तुह्या सासऱ्याचं. मंग देवाचं. बुधवारची भाजी आठवली नाई म्हणून रडली मी आज त्या खोलीत. आंबे गेले तं गेले चुलीत! मले कायले वेडी ठरवलं?"

हा आवाज ऐकून टिकाराम आला, सत्यभामा आली. शालू हुंदके देत होती, पण पोरगी हिमतीची. तिनं सगळ्यांसमोर सगळं सांगितलं. थंडी खोली, चार डिगरी, खोटं बोलली तेही. "सगळे आंबे माह्यानंच बिघडले काकू. आईचा काही दोष नाई. त्याईनं बराबर उतरवले होते."

"पाह्य बाई! अन् मी मघाशी का का बोलली वं तुले, मंदा," सत्यभामानं स्वतःच्या गालावर चापटी मारून घेतली. "जीभ झडो माही." स्लॅब निर्दोष सुटला याचं टिकारामला थोडं वाईट वाटलेलं दिसलं. सत्यभामानं तर हिशेबसुद्धा लावून टाकला, की चांगले असतील तितके आंबे द्यायचे आणि उरलेल्याला बत्तासे घालायचे, जावई काय मोजायला बसणार आहे?

मंदाबाईला किती हलकं वाटलं म्हणून सांगू! आठ दिवस छातीवर बसलेलं काहीतरी उठून गेलं. तिचं डोकं जागेवर होतं, तिचं बोट जागेवर होतं. ती खोलीत गेली, चांगले आंबे टोपल्यात घालून घेऊन आली आणि सत्यभामासाठी एकेक पुसायला बसली. तिला नणंदेच्या चौथ्या पोरीचं नावही आठवलं. खुशबू.

सहावा की सातवा आंबा पुसताना तिचा हात थांबला. तिनं तो आंबा डोळ्यांजवळ नेला. देठाचे खांदे चांगले भरलेले, देठ खड्ड्यात बसलेला. झाडावरच पाडाला आलेला आंबा. ती उठली, आत गेली आणि काळ्या खड्ड्यांच्या ढिगातला एक घेऊन आली. त्याचेही खांदे वर आलेले, थोडे कमी, पण आलेले. मग सुरकुतलेल्यांतला एक आणला. त्याचे खांदे उतरते. देठापासून सरळ घसरण. दुसरा आणला, तोही तसाच. तिसराही.

थंडी तर सगळ्यांना सारखीच लागली होती. तेच क्रेट, त्याच सहा रात्री, तेच चार डिगरी. मग हे पिकले कसे, ते डागले कसे आणि हे सुरकुतले कसे? जे पाडाला आले होते त्यांनी थंडी सोसली. जे तयार होते पण पाडाला आले नव्हते त्यांना ती बाधली. आणि हे चोवीस? हे तयारच नव्हते. हे शालूनं केलं नव्हतं, चंद्रभागाबाईच्या खोलीनं केलं नव्हतं. हे लेकरू आंबे होते, आणि झाडाखाली उभं राहून 'हा तोड, हा तोड' असं ज्या बोटानं सांगितलं, ते बोट तिचं होतं.

ओसरीवर कुणाचंच लक्ष नव्हतं. सत्यभामा बत्ताशांचं बोलत होती. टिकाराम तंबाखू मळत होता. शालू कोपऱ्यात डोळे पुसत होती, आणि तिनं सगळंच्या सगळं आपल्या डोक्यावर घेऊन टाकलं होतं. ते चोवीस आंबे उकिरड्यावर टाकले असते तर विषय संपला असता. मंदाबाईला तसं करावंसं वाटलं. फार वाटलं. आत्ताच तर कुठं सुटली होती ती! पण मग तिला ते उतरते खांदे दिसायला लागले. त्या दिवशी दिसले नव्हते का? ऊन डोळ्यांवर होतं का? सत्यभामाच्या घाईनं झालं का? डोळ्यात मोतीबिंदू उतरला असेल का? की बायजाचं जे होतं तेच हे, फक्त वेगळ्या वाटेनं आलेलं? यातलं कोणतं खरं, हे तिला कळेना, आणि कुणाला विचारावं तेही कळेना.

"सत्यभामा," ती म्हणाली, "हे चोवीस माहे होत."

"म्हणजे?"

"थंडीनं नाई बिघडले हे. कच्चेच उतरवले मी. खांदे पाह्य."

सत्यभामानं पाहिलं आणि खाली मान घातली. टिकाराम लगेच म्हणाला, "ऊन होतं ना तुह्या डोळ्यावर. मी शिडीवरून पाहून राहिलो होतो, डोळे बारीक करत होती तू."

"असन. नसन बी," मंदाबाई म्हणाली. "तुम्ही तं मले वाईट वाटू नये म्हणून काहीबी सांगान." मग तिनं शालूला जवळ बोलावलं. शालू आली, समोर उभी राहिली. मंदाबाईनं तिचा हात धरून तिला खाली बसवलं.

"आंबे किती बी बिघडव, मी बोलनार नाई," ती म्हणाली. "पण मी जे म्हटलं नसन, ते म्हटलं म्हणून सांगू नोको. एखाद्या दिवशी मी खरंच विसरीन. तवा मले कोण सांगन? तूच सांगशीन ना. अन् तुह्या तोंडातलं खरं का खोटं हेच मले समजलं नाई, तं मी कशाले धरून राहू वं?"

शालूनं एकदा सासऱ्याकडे पाहिलं, एकदा सत्यभामाकडे, आणि मग मंदाबाईकडे. "आई," ती म्हणाली, "मंग खरं सांगू?"

"सांग."

"सोमवारी तुम्ही देवळात गेल्या. गॅस चालूच होता. वर भांडं बी नव्हतं. मी बंद केला." "पंधरा दिवसाआंधी बी एकदा झालं होतं. तुम्हाले बोलली नाई मी."

टिकारामचा तंबाखू मळणारा हात थांबला. सत्यभामा उठू लागली आणि परत बसली. मंदाबाईनं सोमवार आठवून पाहिला. देऊळ आठवलं, वाटेतली म्हशींची गर्दी आठवली, प्रसादाचे फुटाणे आठवले. गॅस आठवला नाही. तिनं शालूचा हात सोडला नाही, उलट आणखी घट्ट धरला.

"बरं," ती म्हणाली. "अजून काय काय हाय, ते बी सांग."